हे पाठमोऱ्याला विचारायचं नाही

परशा,

तुझ्या शोकसभेत बोलायला तुझंच नाव निघालं. आता बोल!

दोष कुणाचाच नाही, सवयीचा आहे. शेठने सकाळीच सांगून ठेवलं होतं की दुपारी मशीन बंद करायची, खाली पुठ्ठ्याच्या रिळांजवळ सगळ्यांनी जमायचं, दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि ऑफिसातल्या कुणीतरी एकाने चार शब्द बोलायचे. तो एक कोण, यावरून वर माळ्यावर आपली नेहमीची टाळाटाळ सुरू झाली. रेमेडी म्हणाली, मला रडू फुटेल, मी हिशोब लिहिणारी बाई, मला नका उभं करू. डिस्पॅचचे दुबेजी म्हणाले, मेरी मराठी सुनके परशा उठ के बैठ जाएगा. मी भिंतीकडे तोंड करून ऑर्डरी टाईप करत होते, कारण मला कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं. आणि तेवढ्यात दुबेजींच्या बोटांनी डोक्याला न विचारता ग्रुपवर लिहून टाकलं: 'पाठमोऱ्या, आज कौन बोलेगा?'

सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूचा तो फोटो, आणि त्याच्यासमोर उत्तर: 'आज परशा बोलनार. मागच्या वेळी पोटात दुखतं सांगून सुटला होता. आज ऐकून घ्यायचं नाय.'

रेमेडीने आधी क्रुसाची खूण केली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग आम्ही सगळे फुटलोच रे. हसलो! तुझी शोकसभा, आणि आम्ही पोट धरून हसतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि दुबेजी हात जोडून 'सॉरी सॉरी' म्हणत हसतायत. हे टोमणे आपण दोघांनीच लिहून ग्रुपवरच्या त्या खोट्या गड्यात भरलेले. कुठलं नाव निघेल आणि कुठला टोमणा त्याला चिकटेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण हा योग जुळवायला त्याला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सापडू नये?

शेठ आवाज ऐकून वर आला. फोन बघितला, त्याचा चेहरा आंबला. म्हणाला, "मेघना, यातून त्याचं नाव काढून टाक आजच. बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "नाही काढणार."

"अगं, पण तो आता..."

"मला माहितीये तो आता काय ते. नाव राहणार."

आपला नियमच आहे, ज्याचं नाव निघालं तो गैरहजर असेल तर विचारणाऱ्याने निस्तरायचं. म्हणून खाली दुबेजी बोलले. मोडकंतोडकं बोलले आणि मध्येच थांबून खांद्यावरच्या रुमालाने तोंड झाकून घेतलं. चांगलं बोलले, परशा. मला मात्र तेव्हा एक शब्द सुचला नाही. मला, जिची जीभ तुझ्या मते गाळ्यातल्या कटिंग मशीनपेक्षा धारदार. म्हणून आज हे लिहायला घेतलंय.

लोकांना वाटतं, पाठमोऱ्या म्हणजे तू टाइमपास म्हणून केलेलं खेळणं. खेळणं होतंच, आपण कुठे नाही म्हटलं? पण ते आलं पंख्यावरून. सातिवलीच्या त्या पत्र्याखालच्या माळ्यावर पंखा लावला की रेमेडीची बिलं उडायची आणि बंद केला की दुबेजी उकडायचे. त्यात चहा. खालचा चहावाला वैतागला होता, एका ऑफिसातून तिघं वेगवेगळे फोन करून वेगवेगळे चहा सांगतात म्हणून. कोण सांगणार, किती सांगणार, बिनसाखरेचा कुणाचा, यावर भांडता भांडता चहाची वेळ टळून जायची. एक दिवस तू डबा उघडा टाकून उठलास आणि म्हणालास, "रोज पंचायत भरवायला आपन काय गावातले म्हातारे आहोत? थांबा, मी एक गडी आनतो. तो सांगेल ते ऐकायचं."

मग जेवणाच्या सुट्टीत एका हातात तांदळाची भाकरी आणि दुसऱ्या हातात फोन, असा तू त्या शिकवण्यांचे व्हिडिओ बघत बसायचास. कुणा परदेशी पोराचं इंग्रजी तुला अर्धं कळायचं, उरलेलं मला विचारायचास, आणि मला कळलं नाही की दोघं मिळून त्याला शिव्या घालायचो. ग्रुपमध्ये एक खोटा मेंबर बसवायचा, त्याला आपली नावं द्यायची, कुणी प्रश्न टाकला की त्याने एक नाव नाहीतर एक उत्तर फेकायचं. एवढंच होतं ते. पण पहिल्यांदा त्याने उत्तर दिलं तेव्हा तू टेबलावर असा हात आपटलास की माझी आमटी सांडली.

आणि पहिला आठवडाभर दर वेळी रेमेडीच. चहा कोण सांगणार, रेमेडी. प्रिंटर अडकलाय ते शेठला कोण सांगणार, रेमेडी. खिडकी कोण लावणार, रेमेडीताई. ती बिचारी म्हणाली, "परशा, माझ्यावरच का रे कोपलाय तुझा हा देव?" मग सापडलं. तू यादीत तिला एकदा रेमेडी आणि एकदा रेमेडीताई म्हणून घातली होतीस. मान देण्याच्या नादात बाईला दुप्पट कामाला लावलंस! दुसऱ्या दिवशी तिने गिरीजच्या वाडीतली सुकेळी, तिथली ती वाळवलेली केळी, आणली आणि तुला सोडून सगळ्यांना वाटली. तुला शेवटी एक मिळालं, तेही पाठमोऱ्याला विचारून.

वाक्यं मी लिहायची असं ठरलं होतं. मी आपली पुस्तकात शोभतील अशी लिहून दिली. तू वाचलीस, डोकं खाजवलंस आणि सगळी बदललीस. मी चिडले. तू म्हणालास, "फोटो माझा, टकुरा माझा, मग बोलू दे ना माझ्यासारखा. तुझ्या भाषेत तो बँकेतून फोन आल्यासारखा वाटतो." म्हणून तो तुझ्या गावचा, चांदीपचा झाला. मी देवगडची, विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, माझ्या तोंडात ना धड देवगड ना धड मुंबई. पण आता टोमणा मारायचा झाला की माझ्या तोंडून तुझ्याच गावची बोली बाहेर पडते. नवरा विचारतो, हे कुठून शिकलीस? काय सांगू त्याला.

पाठमोऱ्या हे नाव मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटलं, मागून काढलेल्या फोटोमुळे असेल. ते कळलं चांदीपला आले तेव्हा. पावसाळा संपत आला होता, तुमच्या ओहोळाला सगळ्या आळीने मिळून जाळं लावलं होतं, आणि तू म्हणालास, चल बाय, पोरीला घेऊन ये, शहरातल्या पोरांनी मासे फक्त पिशवीत बघितलेत. आम्ही आलो. अंगणात सागाची पानं मांडलेली, त्यांच्यावर माशांचे वाटे. बारके मासे, कोळंबी, एखादा खेकडा. तुझे बाबा उकिडवे बसून या पानावरची कोळंबी त्या पानावर, त्या पानावरचा मासा या पानावर, पुन्हा उचल, पुन्हा ठेव. मला वाटलं, हे काही संपत नाही. माझी पोरगी कंटाळून कोंबड्यांमागे गेली. मी तुला हळूच म्हटलं, "अरे, किती वेळ? द्या ना वाटून."

तू म्हणालास, "वाटे पाडायलाच वेळ लागतो. नाव घ्यायला काय, लहान पोर पन घेईल."

मग तुझा चुलता उठला आणि सगळ्यांकडे पाठ करून, तोंड शेताकडे करून उभा राहिला. बाबांनी एका पानावर बोट ठेवलं. "हा कोनाचा?" चुलत्याने मागे न बघता एक नाव घेतलं. "हा कोनाचा?" दुसरं नाव. कुणी कुरकुर केली नाही. शेवटच्या पानाला त्याने माझं नाव घेतलं, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ज्याला वाटा दिसत नाही तो नाव घेणार, म्हणून कुणाचा राग नाही, कुणाचा रुसवा नाही. मी लगेच म्हटलं, "म्हणजे आपला पाठमोऱ्या!" आणि तू खूश व्हायचं सोडून गंभीर झालास. म्हणालास, "पन आधी वाटे सारखे पाडले ना, ते बघ. मोठा वाटा, लहान वाटा ठेवून मग पाठ फिरवली, तर ती चोरीच."

त्या वाक्यावरून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपलेलं नाही. मी संपू देणार नाही.

नाताळच्या आठवड्याचं आठवतंय? मोठी ऑर्डर होती, ऑफिसातल्या एकालाच सुट्टी मिळणार होती. रेमेडीला नाताळ हवा होता आणि मला देवगडला माझ्या मामेबहिणीचं लग्न. मी सरळ ग्रुपवर लिहायला घेतलं, पाठमोऱ्या, सुट्टी कुणाला? बटण दाबायच्या आत तू माझ्या खांद्यावरून वाचून स्वतःच्या नावाने ग्रुपवर टाकलंस: 'हे पाठमोऱ्याला विचारायचं नाय.' सगळ्यांसमोर! जिन्यात गाठून मी तुझ्यावर तोंडसुख घेतलं. म्हटलं, तू कोण ठरवणारा? आजवर जिथे जिथे कुणी डोळे उघडे ठेवून ठरवलं, तिथे माझ्या पानावर शेवटचा मासा पडलाय. शाळेत बाईंनी बघून ठरवलं, घरात थोरल्यांनी बघून ठरवलं, पहिल्या नोकरीत साहेबाने बघून ठरवलं. डोळे मिटून कुणी ठरवलं तर निदान मला संधी तरी आहे. वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी!

तू म्हणालास, "तुझ्या बहिनीच्या घरी तू नंतर जाऊन जेवशील. रेमेडीची आई खाटेवर आहे, तिला अजून किती नाताळ दिसतील कोनास ठाऊक. वाटे सारखे नायत, बाय."

रेमेडीला सुट्टी मिळाली. मी लग्नाला पोचले तेव्हा मांडव सोडत होते. ठीक आहे, गेलं ते गेलं. पण माझं म्हणणं तसंच आहे, परशा. बघून ठरवणारी माणसं काय सगळी तुझ्या बाबांसारखी कोळंबी इकडून तिकडे ठेवत बसतात? नाही बसत. माणसं डोळे उघडे ठेवूनही आपल्याच पानावर खेकडा ओढतात. मग काय करायचं? हे मी तुला त्या शेवटच्या संध्याकाळी पण विचारलं. तू बाईकवर बसला होतास, अंगात कणकण होती, हेल्मेटची पट्टी लावत होतास. म्हणालास, "उद्या सांगतो."

उद्या सांगतो म्हणणाऱ्याने मरायचं नसतं. एवढी साधी रीत तुला कळू नये?

साधा ताप म्हणाले. सगळ्यांनी साधाच म्हटलं, तूसुद्धा. फोनवर मला म्हणालास, साधा ताप आहे, शेठला सांग परवा येतो. तुझ्या बाराव्याला चांदीपला आले तेव्हा अंगणात तीच माणसं बसली होती, आणि जो तो मला सांगत होता. चांगली माणसं देवाला आवडतात म्हणे. मग देवाला सांगा, आम्हालाही आवडतात! कुणी म्हणालं, त्याचं तेवढंच आयुष्य होतं. कुणी म्हणालं, सुटला. कशातून सुटला? घरात बायको, म्हातारी माणसं, दारात लावलेला नवा आंबा, यातून कुणी सुटतं का? तुझी वनिता मात्र असलं काही म्हणाली नाही. तिने माझ्या हातात चहा दिला आणि विचारलं, "ऑफिसात चहा कोन सांगतं आता?" मी म्हटलं, "पाठमोऱ्या सांगतो कोण ते." ती म्हणाली, "चालू ठेवा." बस. तेवढ्या सगळ्या गर्दीत तेच एक बोलणं मला माणसाचं वाटलं.

ज्याने वर बसून तुझं नाव घेतलं ना, त्याने मागे वळून बघितलं नव्हतं. पानावर काय काय आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी त्याला माफ करणार नाही. रेमेडीने तिच्या चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा ठेवली, फादरांनी तुझं नाव बरोबर उच्चारलं, मीही गेले होते. सगळे डोळे मिटून बसले होते. मी उघडेच ठेवले.

आता तुला सांगायची गोष्ट. तू गेल्यावर पंधरवडाही झाला नसेल, शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. आवाजात मध. भिवंडीच्या पलीकडे नवीन गोदाम घेतलंय, ते तुला माहीत होतं. तिथे ऑफिसातलं एक माणूस कायमचं पाठवायचंय. वसईहून रोज तिकडे जायचं म्हणजे हाडं खिळखिळी, घरी परत यायला रात्र. कुणालाच नको होतं. शेठ म्हणाला, "मी नाव घेतलं तर जो तो म्हणणार, शेठने डाव साधला. त्यापेक्षा तुमचं ते पाठमोऱ्या आहे ना, त्यालाच विचारू. सगळे ऐकतात त्याचं. आणि परशाची आठवणही राहील."

परशाची आठवण! अंगाची लाही लाही झाली रे. तुझं डोकं पुढे करून हा मागे लपणार, आणि वर त्याला आठवण म्हणणार.

मी जागेवर आले आणि पहिल्यांदा घाबरले. कारण मला ठाऊक होतं, पाठमोऱ्या उत्तर देईल. तू त्याला चहा आणि भिवंडी यातला फरक कधी शिकवलाच नव्हतास. 'हे विचारायचं नाय' हे तो कधीच म्हणाला नाही, दर वेळी तू म्हणालास, स्वतःच्या नावाने. त्याच्या पासवर्डच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, तूच दिल्या होत्यास. मी त्याच्या पोटात शिरून लिहू शकले असते की शेठने विचारलं तर असं असं उत्तर दे. अगदी तुझ्या भाषेत. सगळे हसले असते आणि शेठचं तोंड बंद झालं असतं. लिहायला बसलेही. पण मग वाटलं, तुझ्या तोंडी मी माझं वाक्य घालायचं आणि मग त्याच्या आड उभं राहायचं? मग शेठमध्ये आणि माझ्यात फरक काय? जे बोलायचं ते मी माझ्या तोंडाने बोलेन.

सगळ्यांना माळ्यावर बसवून शेठने विषय काढला. आणि ऐक, मला धक्का शेठचा नाही बसला. आपलीच माणसं हो म्हणाली. रेमेडी म्हणाली, "चिठ्ठीच बरी. ज्याच्या नशिबात असेल तो जाईल, कुणी कुणावर रागावायला नको." दुबेजी मान डोलवत होते. नवी आलेली ती दोन पोरंही. सगळ्यांना सुटका हवी होती, त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपलं नाव नाही निघणार.

मी उठले. म्हटलं, "हे पाठमोऱ्याला विचारायचं नाही."

शेठ म्हणाला, "का? चहाला चालतं, याला का नाही?"

"चहा कुणीही सांगितला तरी चहाच येतो. इथे तसं नाही. रेमेडीचं नाव निघालं तर तिच्या आईला दुपारी घरी जाऊन जेवण कोण भरवणार? दुबेजींचा गुडघा बघितलाय तुम्ही? ते जिना चढतात कसे ते बघितलंय? आधी वाटे सारखे करा. जाण्यायेण्याची गाडी द्या, वेळ कमी करा, कायमचं नको, सहा महिन्यांनी माणूस बदला. एवढं करा, आणि मग हवं तर विचारा पाठमोऱ्याला. मी स्वतः टाईप करून देते."

"एवढं करत बसलो तर धंदा कधी करू?"

"मग नाव तुम्ही घ्या. आमच्याकडे बघून."

शेठ तापला. मला बाजूला सारून दुबेजींना म्हणाला, "दुबेजी, डालो मेसेज." दुबेजींनी फोन काढला. तीस वर्षांची चाकरी, शेठच्या बापाच्या वेळेपासूनची, त्यांनी शेठचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. त्यांनी फोनकडे बघितलं, तिथे तुझं डोकं होतं. मग रेमेडीकडे बघितलं. मग फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "शेठ, नेटवर्क नहीं आ रहा."

डोक्यावर वायफायचा डबा, परशा! त्याचे हिरवे दिवे लुकलुकतायत आणि हा माणूस शांतपणे म्हणतोय नेटवर्क नाही! शेठने त्या पोरांकडे बघितलं. एकाने आपला फोन खिशात टाकला. दुसरा म्हणाला, माझी बॅटरी गेलीय, आणि त्याच्या हातातल्या फोनवर तेव्हाच कुणाचातरी कॉल वाजला. कुणी हसलं नाही. तुला आवडली असती ती शांतता.

मग शेठला मान वर करावी लागली. पहिल्यांदा त्याने रेमेडीकडे बघितलं. ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. शेठने नजर काढून घेतली. मग दुबेजी. त्यांच्या खांद्यावर बसून तो लहानपणी या गाळ्यात हिंडलाय, तिथेही त्याला जमेना. पोरांकडे बघितलं, ती पोरं दोन महिन्यांत सोडून जातील हे त्यालाही माहीत होतं. आणि मग त्याची नजर माझ्यावर आली आणि थांबली.

"मेघना, तू जा."

"कारण?"

"कारण काय? तुला फार बोलता येतं. तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना असंच माणूस हवं."

झालं. डोळे उघडे ठेवून बघितलं आणि आडवं आलेलं माणूस उचललं. तू असतास तर मी तुला जिन्यात गाठून म्हटलं असतं, बघ, सांगत होते ना! बघून ठरवलं की माझंच पान! तू काय उत्तर दिलं असतंस ते मला कळणार नाही. ते 'उद्या' तू बरोबर घेऊन गेलास. पण मी बसले नाही, परशा. उभीच राहिले, कारण समोर एक माणूस होता, त्याने स्वतःच्या तोंडाने माझं नाव घेतलं होतं आणि आता त्याला त्या तोंडाने पुढची उत्तरंही देता येत होती. पाठमोऱ्याने नाव काढलं असतं तर मी कुणाला विचारलं असतं?

म्हणून विचारलं. गाडी कोणती? त्याने आधी उडवून लावलं, मग म्हणाला, टेम्पो जातो त्यात... मी नुसती बघत राहिले. म्हणाला, बरं, गाडी देतो, विरारहून. सुटायचं कधी? म्हणाला, काम संपेल तेव्हा. रेमेडी म्हणाली, "शेठ, तिला पोर आहे." पहिल्यांदाच ती शेठला आडवी बोलली, तीही न विचारता. शेठ म्हणाला, पाचला सुटायचं. आणि किती दिवस? कायमचं हा शब्द त्याच्या तोंडातच होता, पण आता सगळेच त्याच्याकडे बघत होते, दुबेजीसुद्धा. म्हणाला, "सहा महिने."

"आणि नंतर?"

"नंतर दुसरं कुणी जाईल."

"कोण ते कोण ठरवणार?"

शेठने एकेकाकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "मीच ठरवीन. आणखी काय?"

आणखी काही नाही. पहिल्या तारखेपासून मी चालले भिवंडीला. रेमेडी जिन्यात माझा हात धरून रडली, माझ्यामुळे गेलीस म्हणाली. मी तिला दटावलं. म्हटलं, तुझ्यामुळे नाही आणि नशिबामुळे तर अजिबातच नाही, शेठमुळे चालले, नाव त्याने घेतलंय. घरी नवरा चिडला, पोरगी फुगून बसलीय, मलाही हौस नाही. जीव जाणार आहे त्या रस्त्यावर. पण सहा महिने संपतील त्या दिवशी शेठला पुन्हा याच माळ्यावर यावं लागणार आहे, पुन्हा मान वर करावी लागणार आहे, पुन्हा एकेकाच्या तोंडाकडे बघून एक नाव घ्यावं लागणार आहे आणि त्याचं कारण सांगावं लागणार आहे. त्या दिवशी मी भिवंडीचं काम टाकून येईन आणि त्याच्या बरोबर समोर बसेन.